टाचणीभर उजेड

पार्मामधल्या त्या घरातल्या सामानाचा सेल आठला होता.
मी सव्वासातलाच पोचले. थर्मासमध्ये कॉफी,
पर्समध्ये भिंग, सुट्टे डॉलर.
माझ्यापुढे फक्त तो दाढीवाला, काचेचे दिवे घेणारा,
म्हणजे भांडण नव्हतं.

बुटांचा खोका, वर पेन्सिलनं लिहिलेलं: इमारती.
वीस सांगितले, चौदाला दिला.
मेलेल्या माणसाच्या सुनेला घाई होती.

लिनन म्हणतात या कार्डांना, पण धागा औषधालाही नाही.
कागदच तो, रुळाखाली दाबून वीण उठवलेला,
म्हणजे शाई चटकन सुके, रंग भडक बसे.
अंगठा फिरवला की उशीच्या अभ्र्याचा भास.
तीस वर्षं जमवते आहे, अजून फसते.

आणि काय ते रंग!
क्लीव्हलंडवर असलं आकाश मी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही,
खाली गुलाबी, वर निळंशार, मध्ये कापसाचे दोन ढग.
लांब कुठेतरी एका टेबलावर वाकून
कुणीतरी काळ्यापांढऱ्या फोटोवर ब्रश चालवला,
विजेच्या तारा पुसल्या, खांब पुसले, गिरण्यांचा धूर पुसला,
कोर्टासमोरचा कचऱ्याचा ट्रक पुसला
आणि मोकळ्या झालेल्या जागी एक झाड लावलं.
सगळ्या शहरांत तेच झाड. मी त्याला आता ओळखते.

एकसष्ट कार्डं निघाली.
टोलेडोचं कोर्ट, डेट्रॉइटची एक बँक,
अ‍ॅक्रनचं हॉटेल, जिथे आता गाड्या उभ्या राहतात.
रात्री ओट्यापाशी एकेक भिंगाखाली घेतलं
तर प्रत्येकाला भोक.
टाचणीचं, नेमकं एका खिडकीत.
किंमत गेली, हेच आधी मनात आलं. खोटं कशाला बोलू.

मग बँकेचं कार्ड चुकून दिव्याआड गेलं
आणि अकराव्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावला.

पाठीवर पत्ता नव्हता, तिकीट नव्हतं. बारीक पेन्सिल:
अकरावा, उत्तरेकडून चौथी. पीच खात होती,
रस कोपरापर्यंत. मला पाहून हसली. ऑगस्ट ५१.
हॉटेलच्या मागे: सहावा. दोन दिवस तोच माणूस, त्याच खुर्चीत.
खाली जाऊन सांगितलं.
कोर्टाच्या मागे: न्यायाधीश झोपलेले. काच तीनदा पुसली.
आणि एका विमा कंपनीच्या मागे:
नववा. वॉल्टचा पट्टा.
एवढंच. तारीखही नाही.

सुनेला फोन केला.
"एमिल होय? काचा पुसायचे," ती म्हणाली, "छत्तीस वर्षं.
घरी मात्र बल्ब बदलायलाही स्टुलावर चढत नसत."

मी पुन्हा भिंग घेतलं.
तारांबरोबर दोरही पुसले असतील का त्या ब्रशनं,
दोरांबरोबर फळी, फळीवरची बादली,
आणि बादलीशेजारी टोपी उलटी घातलेला एमिल झाब्रान्स्की?
कशावरून म्हणू?
स्वच्छ केलेल्या भिंतीवर पुरावा राहत नाही.

माझे अल्बम राज्यवार लावलेले, मग शहर, मग छापखान्याचा क्रमांक.
ही कार्डं कुठे घालावी कळेना.
मजल्यांप्रमाणे लावून पाहिली. ऋतूंप्रमाणे.
शेवटचं कुठल्याच गठ्ठ्यात बसत नव्हतं:
मुलांचं इस्पितळ, चौथा मजला, दोन भोकं शेजारीशेजारी,
मागे काही नाही. खोडलेलंही नाही.
सुनेला त्याबद्दल विचारलं नाही मी.

मंगळवारी डेलबर्ट येऊन बघून गेला.
"भोकाच्या कार्डाला पन्नास सेंट, लव्हॉन, तेही तुझ्याकडे बघून."
मी त्याला पाय दिला, ब्लूबेरीचा, आणि वाटेला लावला.

सकाळी इस्पितळाचं कार्ड खिडकीला टेकवलं,
उन्हात दिसावं म्हणून.
काहीच उजळेना.
काच मळली होती, गेल्या हिवाळ्यापासूनची.
सिंकखालची बादली काढली
आणि स्टूल शोधायला लागले.